मिसळणाचा डबा आणि तीन-अठ्ठेचाळीसचा स्क्रू

मागच्या गणपतीतली गोष्ट. संध्याकाळचे पाच वाजलेले, मी सांगलीतल्या माझ्या गिटार रिपेअरच्या दुकानात चहा घेऊन नुकताच बसलेलो, आणि तासगावचा एक पोरगा धापा टाकत गिटार घेऊन आला. म्हणाला, "दादा, पिकअप आत पडलाय, आठला मंडळापुढं कार्यक्रम आहे." बघितलं तर लेस पॉलसारखी गिटार, बॉडी चीनची, पण पठ्ठ्यानं त्यात कुणाकडून तरी जुना अमेरिकन हंबकर (तारांचं कंपन पकडणारा दोन कॉइलचा पिकअप) घेऊन बसवलेला. आवाज मस्त. फक्त त्या पिकअपसोबत त्याचे उंचीचे दोन स्क्रू आलेच नव्हते, म्हणून यानं आधीच्या पिकअपचे स्क्रू दाबून पिळले होते. दिसायला सेम. दोन-तीन आटे आत गेले, मग घट्ट झाला, यानं अजून जोर लावला, आणि पिकअपच्या पायातले आटेच गेले.

आता गंमत ऐका. माझ्याकडं त्या मापाचे म्हणजे एम-अडीचचे (मिलिमीटरच्या मापातले) स्क्रू दोनेकशे तरी असतील. काळे, निकेलचे, लांब, आखूड, सगळे. आणि त्या पिकअपला जो लागतो तो तीन-अठ्ठेचाळीस (पहिला आकडा जाडीचा नंबर, दुसरा इंचाला किती आटे), तो एक पण नाही. दोघांची जाडी जवळजवळ एकच, अडीच मिलिमीटर, केसाचा पण फरक नाही म्हणा. पण एम-अडीचचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, पॉइंट पंचेचाळीस मिलिमीटर, आणि दुसऱ्यात इंचाला अठ्ठेचाळीस आटे, म्हणजे पॉइंट त्रेपन्नच्या आसपास. डोळ्याला कळत नाही, बोटाला पण सुरुवातीला कळत नाही, दोन आटे तर कशातही काहीही जातं. तिसऱ्या आट्याला कळतं आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

मी काय केलं, तर जुन्या रेडिओच्या भंगारातनं एक पितळी एम-अडीचचा नट काढला, पिकअपच्या पायाखाली सोल्डरनं चिकटवला, पटकन, कारण जास्त गरम झालं की कॉइलमधलं मेण वितळतं, आणि वरनं त्याचाच स्क्रू लावला. स्प्रिंग पण हरवली होती, ती बॉलपेनची घातली. पावणेसातला पोरगा गेला. पैसे किती सांगायचे तेच कळेना, दोन रुपयांचा नट आणि दीड तास. तो म्हणाला पन्नास देऊ का, मी म्हटलं दे बाबा.

तेव्हापासनं डोक्यात होतं की यावर एकदा लिहायचं. लोकांना वाटतं गिटार रिपेअर म्हणजे लाकूड, पॉलिश, कान, सूर वगैरे. असतंच ते. पण रोजच्या दहा कामातली सहा-सात कामं अडतात ती असल्या फालतू वस्तूवर. जॅकचा, म्हणजे केबल खुपसतात त्या भोकाचा, नट. ट्यूनरचा, म्हणजे तार पिळायच्या खुंटीचा, वायसर. सॅडलचा, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याचा, बारका बिनमुंडीचा ग्रब स्क्रू, जो फरशीवर पडला की थेट पाताळात जातो.

याचं मूळ असं आहे की इलेक्ट्रिक गिटारचं घर अमेरिकेत, त्यामुळं तिचे सगळे आटे इंचात. मग जपान, कोरिया, चीन, इंडोनेशिया असं करत ती जगभर बनायला लागली तसं तिकडच्या कारखान्यांनी आपापल्या सोयीनं मिलिमीटर घातले. आकार तोच, दिसणं तेच, आतले आटे वेगळे. गिब्सन कंपनीनं १९५४ मध्ये जो ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज आणला त्याचे खांब सहा-बत्तीसचे, त्याच्याच आशियाई कॉपीला बहुतेक वेळा एम-चार असतात, नाहीतर सरळ जाडजूड एम-आठ. सिंगल कॉइल पिकअपचा स्क्रू तिकडं सहा-बत्तीस, इकडं एम-तीन. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅट गिटारच्या सॅडलचे उंचीचे स्क्रू तिकडं चार-चाळीस आणि त्याला षटकोनी एलन-की लागते १.२७ मिलिमीटरची, इकडं एम-तीन आणि दीडची की. १.२७ च्या जागी दीडची जातच नाही म्हणून बरं, पण दीडच्या भोकात १.२७ ची बरोब्बर जाते आणि फिरते, आणि भोक गोल करून ठेवते. असला गोल झालेला स्क्रू आठवड्याला एक तरी येतो माझ्याकडं. घरी कुणीतरी 'जरा ॲक्शन खाली करून बघतो' म्हटलेलं असतं, म्हणजे तारा फ्रेटबोर्डच्या जवळ आणायच्या.

नॉबचं तर विचारूच नका. अमेरिकन पॉटच्या (आवाज, टोन कमी-जास्त करायचा फिरता भाग) दांडीला चोवीस दाते आणि बाकीच्यांना अठरा. अठरावाला नॉब चोवीसवर बसत नाही, ठोकला की फुटतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं तुम्हीच फोडला. पॉटचं भोक पण वेगळं, अमेरिकन पॉटला साडेनऊ मिलिमीटर, म्हणजे तीन अष्टमांश इंच, आणि स्वस्तातल्या गिटारला सात नाहीतर आठ. म्हणजे चांगला पॉट घातला की गिटारचं भोक रीमरनं मोठं करा. गिऱ्हाईकाला आधी सांगायचं, नंतर नाही. हे मी शिकलो ते एका विट्याच्या काकांच्या शिव्या खाऊन.

बरं मग ओळखायचं कसं. पिच गेज घ्या, व्हर्नियर घ्या, हे बरोबरच. माझ्याकडं दोन्ही आहे. पण सगळ्यात भारी गेज मला फुकट मिळाला, तो कॉम्प्युटरच्या भंगारात. जुन्या डेस्कटॉपच्या डब्याचे जे जाडे स्क्रू असतात ना, आणि मोठ्या हार्डडिस्कचे, ते सहा-बत्तीस. सीडी ड्राइव्हचे एम-तीन. आणि जुन्या मॉनिटरच्या केबलला दोन बाजूला हातानं फिरवायचे दोन स्क्रू असायचे बघा, निळ्या पिनेजवळ, ते चार-चाळीस. झालं की! तीन मापं तिथंच मिळाली. आणि मदरबोर्ड ज्याच्यावर बसतो ते पितळी स्टँड पण बहुतेक सहा-बत्तीसचे असतात, त्यात खालून-वरून दोन्ही आटे, म्हणजे नटाचं पण काम होतं. कॉलेज कॉर्नरच्या बाजूला एक कॉम्प्युटर रिपेअरवाला मित्र आहे, त्याच्याकडनं बरणीभर आणले, बदल्यात त्याच्या पोरीच्या युकुलेलीच्या तारा बदलून दिल्या. आता कुठलाही अनोळखी स्क्रू आला की आधी या तिघांच्या नटात बोटानं फिरवून बघायचा, पाना लावायचाच नाही. बोटानं सात-आठ आटे निवांत गेला तर तो आपला. तीन-अठ्ठेचाळीस मात्र या भंगारात कुठंच सापडला नाही, आणि म्हणूनच त्या दिवशी फसलो.

आता सांगलीत मिळतं काय आणि मिळत नाही काय. टोन कपॅसिटर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. २२३ लिहिलेला मागा, तो पॉइंट झिरो बावीस मायक्रोफॅरड, हंबकरला. ४७३ लिहिलेला पॉइंट झिरो फोर सेव्हन, सिंगल कॉइलला. पाच-दहा रुपयांत काम होतं, आणि त्याच गोष्टीचे ऑनलाइन लोक पाचशे-हजार घेतात, वर सोनेरी अक्षरात काहीतरी लिहिलेलं असतं. मला आजपर्यंत फरक ऐकू आलेला नाही. कुणाला येत असेल तर आनंद आहे. नऊ व्होल्टच्या बॅटरीची क्लिप, वायर, सोल्डर, हे पण इथलंच. पॉट मात्र इथला घेऊ नका, ५०० के मिळतो एखादवेळेस, पण दांडी लांबच लांब आणि फिरवताना खरखर.

सायकलच्या दुकानातली वॉल्व्हची रबरी नळी ही माझी सगळ्यात लाडकी वस्तू. एफ-होलवाल्या गिटारमध्ये पॉट बदलायचा असला की मागं झाकण नसतं, सगळं त्या एफच्या भोकातनं आत घालायचं आणि बरोबर आपापल्या भोकातनं बाहेर काढायचं. वरच्या भोकातनं ही नळी आत सोडायची, एफमधनं तिचं टोक बाहेर घ्यायचं, पॉटच्या दांडीवर चढवायची आणि मग ओढायचं. दांडी अलगद वर येते. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटाच दुकानात टाळ्या वाजवल्या होत्या.

मिरजेचा फायदा वेगळाच. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळं सर्जिकलची दुकानं रग्गड. तिथनं मी आर्टरी फोर्सेप आणतो, सरळ एक आणि वाकडा एक, आत पडलेला नट बाहेर काढायला याच्यासारखं हत्यार नाही. सिरिंज आणि बोथट सुया, फाटलेल्या ब्रेसिंगमध्ये, म्हणजे आतल्या आधारपट्ट्यांत, ग्लू सोडायला. आणि लेटेक्सची नळी. पहिल्यांदा मागितली तेव्हा दुकानदारानं विचारलं पेशंट कुठला, मी म्हटलं गिटार, तो माझ्याकडं असं बघायला लागला की विचारू नका. पण खरंच, जुन्या फेंडरच्या गिटारींमध्ये पिकअपच्या खाली स्प्रिंगऐवजी रबरी नळीचे तुकडेच असायचे. स्प्रिंग कधी कधी करकर आवाज करते, नळी करत नाही. एक फूट नळीत चार-पाच गिटारी होतात.

आणि मिरज म्हटल्यावर सतारमेकर गल्ली आलीच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण मी तिथं जातो ते हाडासाठी. जवारीची घोडी करायला त्यांच्याकडं उंटाच्या हाडाच्या पट्ट्या असतात, त्यातनं मला गिटारचा नट (हा बोल्टचा नट नाही, मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) आणि सॅडल निघतो. नट साधारण त्रेचाळीस मिलिमीटरचा, क्लासिकलला बावन्नचा, सॅडल बहात्तरच्या आसपास लांब आणि तीन जाड, कानसून करून घ्यायचा. प्लास्टिकच्या तयार नटापेक्षा लाख पटीनं बरं, आणि वास मात्र कानस मारताना दाताच्या डॉक्टरकडं बसल्यासारखा. एक म्हातारे चाचा आहेत, त्यांच्याकडं मी बसतो जरा. एकदा त्यांना हे इंच-मिलिमीटरचं रडगाणं सांगितलं. त्यांनी हातातली खुंटी दाखवली, लाकडाची, भोकात घासघासून बसवलेली, सुटायला लागली की खडू लावायचा. म्हणाले, "बेटा, ह्या सतारीची खुंटी त्या सतारीला लागत नाही. शेजारच्या भोकाला पण लागत नाही. आम्हाला माहितीच असतं की लागणार नाही, म्हणून आम्ही फसत नाही." मी गप्प. आमच्यात सगळं एकसारखं दिसतं, तिथंच तर घोळ होतो.

चाचांचा साठा पण बघण्यासारखा. चार डबे. हाडाचे तुकडे, तारांची भेंडोळी, तानपुऱ्याचे मणी, आणि एका डब्यात काय आहे ते त्यांना पण आठवत नाही.

माझं तसं चालत नाही. माझं मोठं सामान येतं मुंबईहून. वर्षातनं एक-दोनदा रात्री महालक्ष्मी पकडायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, तिथनं चालत नागदेवी स्ट्रीट. ज्यानं नागदेवी बघितलेली नाही त्याला काय सांगू, जगात जेवढे म्हणून नटबोल्ट आहेत ते सगळे त्या गल्लीत आहेत आणि प्रत्येक दुकानदार मान वर न करता विचारतो, "किती किलो?" मी म्हणतो पन्नास नग. मग तो मान वर करतो. तिथं यूएनसी, म्हणजे इंचाच्या आट्यांचं, म्हणून मागायचं, गिटारचं नाव काढायचं नाही, गिटार म्हटलं की एकतर हसतात नाहीतर भाव वाढवतात. सहा-बत्तीस आणि चार-चाळीस तिथं निघतात, स्टेनलेसचे पण. पण एक सांगतो, लाकडात जाणारे स्क्रू स्टेनलेसचे घ्या की साधे घ्या, आधी योग्य मापाचं भोक पाडा आणि आट्याला साबण नाहीतर मेण लावा. ट्यूनरचे स्क्रू इतके बारके की शिसवीत किंवा मेपलमध्ये कोरडे पिळले की मुंडी हातात आणि दांडा लाकडात. मग तो काढायला पोकळ पिन घ्या, तिला कानसीनं दाते पाडा, दांड्याभोवती गोल कापा, तिथं लाकडाची खुटी भरा, परत भोक पाडा, असा सगळा अर्धा दिवस. साबणाच्या एका वडीनं हे वाचतं. नागदेवीहून मग लॅमिंग्टन रोडला एक चक्कर, स्विच आणि जॅकसाठी, आणि रात्रीची गाडी परत.

ऑनलाइनचं दुःख सगळ्यांचं एकच. फोटोत एक, पाकिटात दुसरं, वर्णनात 'युनिव्हर्सल' लिहिलेलं. युनिव्हर्सल हा शब्द दिसला की मी पुढं जातो, युनिव्हर्सल म्हणजे कशालाच नीट बसणार नाही. एकदा ब्रिज मागवला, लिहिलेलं तारांचं अंतर साडेदहा मिलिमीटर, आला तो सव्वाअकरावाला, सगळ्यात बारकी तार फ्रेटबोर्डच्या बाहेर लोंबायला लागली. परत करायला गेलो तर म्हणे पाकीट फोडलंय. न फोडता मोजायचं कसं ते त्यांनाच माहीत. बाहेरनं मागवलं तर माल दोन हजाराचा, आणि कस्टम अन् कुरियरचा हँडलिंग चार्ज धरून तीन-साडेतीन हजारावर जातो. आता मी चार-पाच जण मिळून मागवतो, कोल्हापूरचे दोघं, साताऱ्याचा एक, आणि पाठवणाऱ्याला आधीच सांगतो की पावतीवर 'वाद्याचे सुटे भाग' आणि ९२०९ हा कोड लिही. नुसतं 'मेटल पार्ट' लिहिलं की पाकीट अडकतं आणि मग रोज फोन.

जे कुठंच मिळत नाही ते कुपवाड एमआयडीसीत लेथवर. ब्रिजच्या खांबांची पितळी बुशिंग, आत सहा-बत्तीस, बाहेर एम-आठ, म्हणजे चिनी गिटारच्या भोकात अमेरिकन ब्रिज. टर्नर आधी म्हणाला असलं बारकं काम करत नाही, मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून वीस नग करून दिले, आणि ते इतके सुबक झाले की मला ते गिटारमध्ये लपवायला जिवावर येतं.

आता साठवणं. माझं दुकान गावभागात, त्यामुळं २०१९ च्या ऑगस्टमध्ये काय झालं हे सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट, पाणी गेलं सत्तावन्नच्या वर. गिटारी मी आधीच विश्रामबागला मावशीकडं हलवल्या होत्या, सगळ्या, लोकांच्या होत्या ना त्या. पार्टांचे डबे राहिले खालच्या फळीवर, म्हटलं लोखंडाला काय होतंय. पाणी उतरल्यावर आठवड्यानं जाऊन बघितलं तर स्क्रूंचा एक तांबडा गोळा झालेला, डब्याच्या आकाराचा. ट्यूनरचे गिअर जाम, पॉटमध्ये गाळ. निकेलचं पॉलिश किती पातळ असतं ते तेव्हा कळलं. वाचली ती फक्त फ्रेटवायर, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांची निकेल सिल्व्हरची तार, कारण त्यात लोखंड नसतंच, तांबं, जस्त आणि निकेल. नावात सिल्व्हर, आत चांदीचा कण नाही, पण पुरातनं वाचलेली तीच. जरा हिरवट झाली होती, पुसली, वापरली. ती वायर आजही मिरजेतल्या एका चर्चमधल्या गिटारवर आहे.

त्यानंतर सगळं माळ्यावर. आणि डबे बदलले. आईचा जुना मिसळणाचा डबा होता, स्टीलचा, सात वाट्यांचा, तो मी पळवला. जिऱ्याच्या जागी एम-तीन, मोहरीच्या जागी ग्रब स्क्रू, हळदीच्या वाटीत अजून पिवळा रंग आहे, तिथं पितळी. झाकण घट्ट, आत बूट-चपलांच्या खोक्यातल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या. नियम एकच, इंच आणि मिलिमीटर एका डब्यात नाही. इंचाचा डबा स्टीलचा, मिलिमीटरचा प्लास्टिकचा, म्हणजे अंधारात पण हाताला कळतं. आईनं नवीन डबा घेतला पण अजून ऐकवते. मध्ये तिला पोह्यात एक वायसर सापडला. तो माझा नव्हता, तो मिक्सरचा होता, पण कोण ऐकतंय.

किती ठेवायचं याचा हिशोब मी बरीच वर्षं चुकवला. सुरुवातीला हौसेनं सोनेरी ट्यूनरचे सेट, लॉकिंगवाले, असलं आणून ठेवलं, त्यातला एक सेट अजून पडून आहे. जातं काय तर जॅक. जॅक, जॅकचा नट, जॅकचा दात्यांचा वायसर. नट ढिला होतो, जॅक जागच्या जागी फिरतो, आतली वायर तुटते, गिऱ्हाईक म्हणतं गिटार मेली. त्यामुळं जॅक नेहमी वीस-पंचवीस. त्याखालोखाल पिकगार्डचे स्क्रू, स्ट्रॅप बटण, ब्रिज पिना. पिनांत पण तीन डिग्री आणि पाच डिग्रीचा उतार वेगळा, त्या मी सुट्या विकत नाही, भोकात घालून बघून देतो. आणि एकेकटे ट्यूनर. सहाचा सेट कुणाला नको असतो, एकच मोडलेला असतो, तो पण नेमका डाव्या बाजूचा. म्हणून मेलेल्या गिटारी मी टाकून देत नाही. कुणी म्हणालं घेऊन जा फुकट, की जातो, आणि तिचे सगळे स्क्रू काढून ज्या भागाचे त्या भागाच्या पुडीत, वर कंपनी आणि साल. बायको त्याला शवविच्छेदन म्हणते.

तर तो तासगावचा पोरगा. गणपती झाल्यावर मी हट्टानं तीन-अठ्ठेचाळीसचे स्क्रू मागवले, शंभरपेक्षा कमी द्यायला तयार नव्हते म्हणून शंभर घेतले, साताऱ्याच्या मित्रानं वीस घेतो म्हटलेलं, ऐनवेळी नको म्हणाला. पोरगा दिवाळीनंतर आला, तारा बदलायला. मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, अरे तुझे ओरिजिनल स्क्रू आलेत, तो सोल्डरचा नट काढून नीट करून देतो, तुझ्या त्या पायाला नवा पत्रा लावू. त्यानं पिकअप हलवून बघितला, ढिम्म हलेना. म्हणाला, "राहू दे की दादा, चाललंय ते." तारा घेतल्या आणि गेला.

पाकीट फोडलेलं नाहीये. कुणाला पाहिजे असतील तर सांगा.